त्रिव्कोचा अमेरिकेतला भाऊ

त्रिव्को चावोरिचनं आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे बाता मारणं. बाकी सगळं अर्धवट. घराचा वरचा मजला अर्धवट, तिथं विटांच्या फटींत चिमण्यांचे संसार. लग्न अर्धवट, म्हणजे साखरपुड्यापर्यंत गेलं आणि मुलगी बिलेचाच्या एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली. त्रेबिन्येच्या गिरणीत फाटकावर बसायची नोकरी होती, तर गिरणीच बंद पडली. त्यावरही हा गावभर सांगत सुटला, "मी नोकरी सोडली, मग कसली चालतेय गिरणी!" आता बोला. अशा माणसापुढं कुणी डोकं फोडायचं?

मी वुका, त्याची शेजारीण. त्याच्या आणि माझ्या अंगणात एक दगडी बांध, आणि त्या बांधावरून मी चाळीसएक वर्षं त्याच्या थापा ऐकतेय. माझी उमेदीची सगळी वर्षं समुद्रकाठच्या हॉटेलांत गेली, लोकांच्या चादरी बदलण्यात. पाहुण्यांच्या तक्रारी ऐकून ऐकून इंग्रजी आलं. म्हणून आमच्या झाब्रजेत कुणी परदेशी चुकून आला, की लोक आधी माझं दार वाजवतात.

तर त्रिव्कोच्या थापांचा राजा म्हणजे लाझार. त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ. तरणाताठा अमेरिकेला गेला, खाणीत लागला म्हणतात, आणि त्यानंतर ना पत्र ना पत्ता. त्यात काय नवल? सगळ्या हर्सेगोव्हिनातून माणसं तशीच गेली. दगडात भाकरी पिकत नाही, मग माणूस जातो. पण त्रिव्कोच्या तोंडून ऐकाल तर! मी लग्न होऊन इथं आले तेव्हा हा लाझार खाणीत मुकादम होता. माझा पोरगा चालायला लागला तोवर खाणीचा मालक झाला. युगोस्लाव्हिया मोडला त्या साली तर तिकडच्या एका शहरात त्याच्या नावाचा रस्ता होता म्हणे. मेल्यावर इतकी बढती मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा मी तोंडावर म्हटलं, "त्रिव्को, आता त्याला तिकडं राष्ट्राध्यक्ष करून टाक, म्हणजे तू सुटशील आणि आम्हीही सुटू."

"हस, हस," तो म्हणाला. "त्याची माणसं येतील ना, तेव्हा बघेन तुझं तोंड."

"येतील आणि काय करतील? तुझा वरचा मजला बांधतील?"

"माझ्यासमोर कोलाच धरतील," तो म्हणाला, आणि बांधावरून निघून गेला.

इथंच त्याचं खरं दुखणं होतं. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. त्याच्या दिवशी, म्हणजे स्लावाला, मेणबत्ती लावायची, गहू शिजवायचा, आणि कोलाच नावाची पावासारखी जाड, मोठी गोल पोळी भाजायची. ती पोळी घरधनी एका बाजूनं धरतो, घरातला दुसरा पुरुष समोरून धरतो, दोघं मिळून ती फिरवतात आणि मग मोडतात. त्रिव्कोचा बाप गेला आणि समोर धरायला कुणी उरलं नाही. तसा पाहुण्यानं हात लावला तरी चालतं. माझा नवरा होता तोवर बिचारा हात पुढं करून कितीदा उभा राहिला असेल! पण नाही. "आमच्याकडे रक्ताचाच माणूस धरतो," असं म्हणायचा आणि पोळीची एक कड छातीला टेकवून एकटाच फिरवायचा. फिरवताना धडपडायचा, पोळीवर ओतायची वाइन कपड्यांवर सांडायची, आणि आम्ही पाहुणे छताकडे बघत बसायचो. निर्वंश माणूस मेला, की घर 'विझलं' म्हणतात आमच्याकडे. त्रिव्कोला विझायचं नव्हतं, एवढंच.

आणि मग गेल्याच्या गेल्या वर्षी, स्लावाला आठवडा उरलेला असताना, भाड्याच्या गाडीतून डेनिस उतरला.

डेनिस म्हणजे साठीला आलेला, गुबगुबीत, आणि अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट. ही एक जातच असते अमेरिकनांची. तिकडं त्यांना घर, गाडी, बाग, सगळं असतं, आणि मग एक दिवस आठवतं, अरे, आपल्याला मूळ नाही! थुंकी डबीत घालून कुठंतरी पाठवतात, आणि तिकडून कळतं, की तुम्ही बाल्कनचे. आमची थुंकी आम्ही रस्त्यावर फुकट टाकतो. असो. हा गावच्या गुत्त्यात शिरला आणि आपलं आडनाव 'शॅव्हरिक' असं काहीतरी सांगून म्हणाला, "माझे आजोबा लाझार, गाव झाब्रजे."

गुत्त्यात त्रिव्को बसला होता. दुसरीकडे कुठं बसणार? त्यानं आधी मिठी मारली आणि नाव नंतर विचारलं. मला बोलवायला माणूस आला तोवर दोघंही रडून मोकळे झाले होते.

तिथंच माक्सिमही होता. हा वरच्या झाब्रजेचा चावोरिच. आम्ही खालचे, ते वरचे. आडनाव एक, पण रक्त वेगळं आणि संतही वेगळा. आमच्याकडचे चावोरिच संत जोर्जेचे, वसंतातले. वरचे देवदूत मिहाइलोचे, नोव्हेंबरातले. आडनाव काय, गाढवालाही ठेवता येतं. नातं बघायचं तर संत बघतात. मुलगी बघायला गेलं तरी पहिला प्रश्न तोच. माक्सिम पैसेवाला, पाहुण्यांसाठी मोठं घर बांधलंय, पुढं निळा पोहायचा तलाव. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हा पाण्यात पाय सोडून बसतो.

"मुळं शोधायला आलाय म्हणे!" माक्सिम मोठ्यानं म्हणाला. "गाजरं आहोत का रे आपण?"

गुत्ता खो खो हसला. मीही हसले. त्रिव्को मात्र हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं अमेरिकनाची बॅग उचलली आणि त्याला घरी घेऊन गेला.

त्या आठवड्यात त्रिव्कोचं काय झालं ते सांगितलं तर विश्वास बसणार नाही. रोज दाढी. भिंतींना चुना. माझ्याकडून चादरी मागून नेल्या, वर मलाच विचारतो, "इस्त्री कुठाय?" बांधापलीकडून दिवसभर एकच चालू, "भावा, हे खा. भावा, तिकडं पाय नको ठेवू, निसरडं आहे." डेनिसला त्यातलं फक्त 'भावा' कळायचं आणि तो दर वेळी खुलायचा. दोघांचा एक आजा-पणजा धरला तर ते भाऊच लागत होते, त्यात काही खोटं नव्हतं. मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. त्रिव्कोनं थापा मारणं सोडलं. डेनिसनं सांगितलं, की आजोबा खाणीत साधे मजूर होते, दम्यानं गेले. मी ते भाषांतर केलं आणि वाट बघत राहिले, आता हा मालकीची खाण कुठून काढतो! तर नुसता म्हणाला, "गरीब बिचारा. केवढं सोसलं असेल." मला वाटलं, आजारी आहे की काय हा.

तुमच्या घराचा संत कोणता, हा एक प्रश्न डेनिसला विचारायचं मात्र त्रिव्कोला काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारला असता का, कोण जाणे.

स्लावाच्या दिवशी अंगणात सळईवर कोकरू फिरत होतं. सकाळीच गहू देवळात नेऊन आशीर्वाद घेऊन आणला होता. मीच शिजवला होता, अक्रोड आणि साखर घालून, कारण त्रिव्कोला विचारलंत तर गहू म्हणजे कोंबड्यांचं खाणं. खोली माणसांनी गच्च भरली. एरवी त्रिव्कोच्या स्लावाला मोजकी टाळकी असतात, पण या वेळी अमेरिकन बघायचा होता ना! माक्सिमही आला, रकियाची, म्हणजे आमच्या घरगुती दारूची, फीत बांधलेली बाटली घेऊन. चमड्याचं जाकीट काढलं नाही, म्हणजे दिसावं. टेबलावर मेणबत्ती पेटली होती आणि शेजारी कोलाच. त्रिव्कोनं पांढरा सदरा घातला होता, मानेला काचत होता बहुतेक.

रीत अशी, की येणाऱ्यानं छातीवर क्रुसाची खूण करायची आणि गव्हाचा एक चमचा घ्यायचा. मी थाळी पहिली डेनिससमोर धरली. त्यानं वाकून पाहिलं, हसला, आणि मान हलवली. मग बोट वर करून, शाळेतल्या पोरानं पाठ म्हणून दाखवावा तसं, आमच्या भाषेत म्हणाला, "गहू नाही! संत जिवंत!"

त्याला आजीकडून आलेले तेवढेच चार शब्द. केवढा खूश झाला होता ते आठवल्याबद्दल! मग इंग्रजीत मला सांगायला लागला, लहानपणी त्यानं आजीला विचारलं होतं, शेजारचे बाकीचे सर्ब गहू शिजवतात, आपण का नाही? तर आजी हेच म्हणायची.

त्या चार शब्दांना भाषांतराची गरजच नव्हती. गहू शिजवतात तो मेलेल्यांच्या नावानं. संत जोर्जे मेला, संत निकोला मेला, त्यांना गहू. देवदूत मिहाइलो देवदूत आहे, तो कधी मेलाच नाही, म्हणून त्याच्या घरी गहू शिजत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. डेनिस बोट वर करून हसत उभा, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू माक्सिमकडे वळल्या. कारण वरच्या चावोरिचांचाही एक लाझार अमेरिकेला गेला होता, त्याच सुमाराला. त्याची कुणी कधी आठवण काढली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा माक्सिमचा भाऊ आठवडाभर माझ्या चादरींवर झोपला होता.

माक्सिमचा चेहरा बघण्यासारखा झाला. आनंद नव्हता हो त्यात, भीती होती! वरच्या लाझारच्या वाटणीची जमीन कधी वाटलीच गेली नव्हती, आणि माक्सिमचं ते घर आणि तो निळा तलाव नेमका तिच्यावर उभा होता. आयत्या बिळावर नागोबा. आता बिळाचा मालक समोर उभा, खिसेवाल्या जाकिटात.

"इलियाचेही लोक गहू करत नाहीत," माक्सिम घाईघाईनं म्हणाला. "संत इलियाही जिवंतच स्वर्गात गेला. कुणीही असू शकतो. काय उगाच शब्द धरून बसायचं? त्रिव्को, भाऊ मिळाला, अभिनंदन! मोड तो कोलाच, भूक लागलीय सगळ्यांना."

आणि काय सांगू, सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण माक्सिमच्या घरी निम्म्या गावाच्या लेकीसुना खोल्या झाडायला जातात. रक्ताचा भाऊ त्याला ढकलून द्यायला तयार, आणि परका घ्यायला आसुसलेला. काहीच बोललं नाही तर दोघांचंही साधत होतं. मी त्रिव्कोकडे पाहिलं. मनात म्हटलं, गिळ आता. जन्मभर लोकांना थापा घातल्यास, एक थाप तुझ्या वाट्याला आयती आलीय, गिळ.

त्रिव्को मेणबत्तीकडे बघत होता.

"वुका," तो म्हणाला, "त्याला विचार, आजी मेणबत्ती कधी लावायची? उन्हाळ्यात, की हिवाळा लागताना?"

"कशाला विचारतेस?" माक्सिम म्हणाला. "माणूस सुखात आहे, त्याला सुखात राहू दे ना."

"विचार," त्रिव्को म्हणाला.

मी विचारलं. डेनिस म्हणाला, नोव्हेंबरात, पहिला बर्फ बहुतेक तेव्हाच पडायचा. इलियाचा दिवस भर उन्हाळ्यात येतो. झालं, संपला प्रश्न.

"मग त्याला सांग," त्रिव्को म्हणाला, "की तो माझा नाही. तो तिथं बसलेल्या त्या माणसाचा आहे. आणि हेही सांग, की त्यानं ज्या तलावाचे फोटो काढलेत ना, ती जमीन त्याच्या आजोबांची आहे."

"अरे, वेड लागलं का तुला?" मी म्हटलं. खरंच म्हटलं. अख्खा जन्म खोटं बोलण्यात घालवला आणि खरं बोलायला मुहूर्त हा काढला!

"मेणबत्ती पेटलीय, वुके," तो म्हणाला. "तिच्यासमोर मी त्याच्याबरोबर कसा धरू कोलाच? तो मला ओळखायचाच नाही मग." 'तो' म्हणजे संत जोर्जे. मी सांगितलं डेनिसला सगळं. शब्द बाहेर पडताना मला माझ्याच तोंडाचा राग येत होता.

डेनिसनं ऐकलं. त्रिव्कोकडे पाहिलं, माक्सिमकडे पाहिलं, आणि त्रिव्कोकडे बोट करून मला विचारलं, "मग हा माझा कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तोवर माक्सिमनं माझी बाही धरली. "विचार त्याला, जमिनीसाठी आलाय का?" मी विचारलं. डेनिस हसला. म्हणाला, त्याला जमीन काय करायचीय, त्याला फक्त आपली माणसं हवी होती. मी ते सांगितलं मात्र, माक्सिमच्या डोळ्यांना नळ सोडल्यासारखं पाणी सुटलं. "भावा! माझ्या रक्ता! माझ्या लाझारआजोबांच्या नातवा!" खुर्ची पाडून तो डेनिसच्या गळ्यात पडला. घटकेपूर्वी हाच इलियाचं नाव घेत होता! मग फोन. पोरांना फोन, सुनांना फोन, तलावाजवळ टेबलं मांडा, दोन कोकरं लावा. तिथल्या तिथं बायकांनी डोळे पुसले. लाज वाटावी तर कुणाला?

डेनिस बावरून गेला होता. त्यानं येऊन त्रिव्कोचा हात दोन्ही हातांत धरला, खूप वेळ हलवला, आणि मला म्हणाला, "त्याला सांग, मी तासाभरात परत येतो." तासाभरात येतो म्हणाला आणि बॅग घेऊन गेला. बॅग माक्सिमच्या पोरानंच उचलली, खरं सांगायचं तर. पण ठेव म्हणून डेनिसही म्हणाला नाही. बाकीच्यांचं काय, तमाशा वर चालला होता, मग खाली कोण थांबतंय! एकेकानं रकियाचा शेवटचा घोट मारला, "सण सुखाचा, त्रिव्को" म्हटलं, आणि टेकडीची वाट धरली. कोकरू सळईवर तसंच, एका बाजूनं करपत. मीच जाऊन ते फिरवलं आणि निखारे ओढले.

आत आले तर त्रिव्को उभा होता. त्यानं कोलाच उचलला होता आणि एक कड छातीला टेकवली होती. पोळी सदऱ्यावरून घसरत होती.

"थांब," मी म्हटलं.

"रक्ताचा माणूसच..." तो म्हणाला.

"रक्ताचं काय लोणचं घालायचंय? आत्ता बघितलंस ना रक्त, नोटेसारखं उजेडात धरून तपासलं त्या माक्सिमनं."

"बायका धरत नाहीत."

"मग आण जा पुरुष. मी बसते इथं."

मी हात पुसले आणि समोरून पोळी धरली. जड होती, मीच मळलेली. तो रडत होता, आवाज न करता, आणि नाक ओढत होता. "नीट धर, मेल्या," मी म्हटलं, "पाडलीस तर दुसरी भाजायची नाही मी." आम्ही ती फिरवली. वाइन ओतली, तीही सांडली थोडी. पोळीवर ओठ टेकवून जे शब्द म्हणायचे ते म्हटले. ते मी त्याच्या घरी आयुष्यभर ऐकले होते, म्हणत मात्र पहिल्यांदा होते.

मग मोडायची वेळ आली. मोडताना ज्याच्या हाती मोठा तुकडा येतो, वर्षभर त्याच्या घराला बरकत. आम्ही दोघांनी ओढली. पोळी वेडीवाकडी तुटली आणि चांगला पाऊण भाग माझ्या हातात आला. आंधळ्यालाही दिसला असता.

त्रिव्कोनं बाहीनं नाक पुसलं, हातातला तुकडा मेणबत्तीजवळ धरून पाहिला आणि म्हणाला, "बघितलंस? माझाच मोठा आला."

"हो," मी म्हटलं. "तुझाच मोठा."